लिंबाचे डाग

दुकानदाराने टाइलवर नखाने टकटक केलं. "व्हिट्रिफाइड आहे साहेब, पाणी पीतच नाही." दादा खूश झाला. २०१९च्या ऑगस्टनंतर सांगलीच्या गावभागात पाणी न पिणारी कुठलीही वस्तू खपली असती. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांवर गेली. आमच्या तळमजल्यात छातीभर पाणी होतं. आई फेब्रुवारीत गेली होती, त्यामुळे हे तिने पाहिलं नाही. २००५चा पूर पाहिला होता, तेवढा तिला पुरे होता.

पाणी उतरल्यावर घर धुवायलाच चार दिवस लागले. पुढच्या खोलीत दादाने हौसेने चकचकीत टाइल्स बसवून घेतल्या होत्या. त्या जागोजाग उचकटल्या होत्या, उरलेल्या पोकळ वाजत होत्या. टाइल पाणी पीत नसेल, पण सांध्यातून पाणी आत शिरतं, खालचा भराव बसतो आणि टाइल अधांतरी राहते. दुकानदार हे सांगत नाही, मिस्त्री सांगतो. आमचे मिस्त्री थापीच्या मुठीने ठोकत गुडघ्यावर खोलीभर फिरले आणि म्हणाले, "वरचं काय बी घाला ताई, खालचं चोपल्याबिगर टिकायचं न्हाई."

स्वयंपाकघरात मात्र शहाबादी होती. बाबांनी घर बांधताना घातलेली, सव्वा इंच जाडीची, करडी. गाळ खरवडून चार बादल्या पाणी मारलं तर जशीच्या तशी वर आली. भीमेच्या खोऱ्यातला हा दगड, आणि भीमा पुढे कृष्णेलाच मिळते. तेव्हा फरशीला हे पाणी अगदीच परकं नसावं, असं मला उगीच वाटलं.

फरशीबरोबर ते डागही वर आले.

मोरीजवळच्या खिडकीखाली आई लोणच्याची लिंबं चिरायला बसायची. एक गुडघा उभा, विळीच्या पाटावर दुसरा पाय. रस पाटावरून ओघळायचा, बिया उडायच्या. लहानपणी मी ते पांढुरके ठिपके सोडा लावून घासले होते, राखेने घासले होते. जाईनात. जाणार कसे? ते डाग नव्हतेच. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, लिंबाचा रस त्याची तुकतुकी खातो. जे दिसतं ते काही सांडलेलं नसतं, तिथलं काहीतरी गेलेलं असतं. बाबा दरवर्षी ओरडायचे, "अगं, खाली पेपर तरी घाल!" आई पेपर घालायची, आणि पेपर भिजून रस खाली उतरायचाच. इतक्या वर्षांत तिथे एक नकाशा तयार झाला होता: भोवती पांढरे शिंतोडे आणि मधे विळीच्या पाटाएवढा चौकोन, तेवढाच तुळतुळीत.

फडताळात तिच्या हातची शेवटची बरणी होती. पुरात गेली.

दादाचं म्हणणं, सगळीकडे एकच टाइल घालू. मी कोटा म्हणाले. ग्रॅनाइट बाबांना नको होतं, थंडीत पाय गारठतात. लॅमिनेटचा लाकडी नमुना दुकानात फार देखणा दिसला, पण नदीकाठच्या घरात तळमजल्याला लाकडाचा भुसा दाबून केलेली पाटी घालायची म्हणजे पुढच्या पुराला पंगतीचं आमंत्रण. शेवटी मी बाबांच्या काठीकडे पाहिलं आणि वाद मिटला. पुढच्या खोलीला खरखरीत कोटा, पॉलिश न करता. स्वयंपाकघरात आहे ती शहाबादीच. फक्त मोरीकडचा कोपरा खचला होता, तिथल्या नऊ फरश्या उचकटून मुरूम टाकायचा, पाणी मारून धुम्मस करायचा आणि त्याच पुन्हा बसवायच्या. हे ठरवून मी पुण्याला गेले. डागांचं मिस्त्रींना सांगायचं राहिलं. खरं तर सुचलं होतं, पण काय सांगायचं? "आईने सांडलेली लिंबं जपून ठेवा"?

आठ दिवसांनी परत आले. काम नेटकं झालं होतं. दरजा भरलेल्या, मोरीकडे बेताचा ढाळ. खिडकीखाली पाहिलं. एकही डाग नाही. नऊच्या नऊ फरश्या स्वच्छ, करड्या, अनोळखी.

"मिस्त्री, इथं पांढरे डाग होते ना?"

"व्हते की. लई खाल्लेल्या व्हत्या. म्हून उलट्या घातल्या." मजुरी वाचवल्याच्या समाधानात ते हसले. "खालनं कोरा दगड हाय ताई. आता आणखी पन्नास वर्सं बघायला नको."

मी काही बोलले नाही. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तो नकाशा आता पालथा, ओल्या मुरुमावर टेकलेला.

तेवढ्यात बाबा काठी टेकत आले आणि खिडकीपाशी थांबले. खाली बघितलं. त्यांना कळलं की नाही, मला ठरवता येईना. त्यांनी भिंतीला हात लावला, एका पायातली चप्पल काढली आणि तळवा फरशीवरून हळूहळू फिरवला.

"खरखरीत लागतेय जरा," म्हणाले, आणि दुसरीही चप्पल काढली.