घरचा अग्नि आणि दारचा बंब

अग्नि हा आपल्या संसाराचा फार जुना सोबती. ऋग्वेदाचें पहिलें सूक्त त्याचेंच; देवघरांतली समई, स्वयंपाकघरांतली शेगडी आणि भिंतीआडून धांवणारी वीज, हीं सारीं त्याचींच रूपें. पूजेचा मान आपण त्यास देतों; त्याचा स्वभाव ओळखून घेण्याचें मात्र बहुधा राहून जातें.

तो स्वभाव ज्यांना रोज पाहावा लागतो, त्या अग्निशमन दलाच्या स्मरणार्थ दरवर्षीं १४ एप्रिलपासून देशभर एक सप्ताह पाळला जातो. १९४४ सालीं याच दिवशीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीला आग लागली. बोटींत कापसाच्या गांठींबरोबर दारूगोळाहि होता. आग विझवीत असतांनाच भयंकर स्फोट झाले आणि दलाचे ६६ जवान कामावर असतां मृत्यु पावले.

या सप्ताहांत दलाचे लोक वस्त्यावस्त्यांतून प्रात्यक्षिकें दाखवितात. यंदा ते आमच्या सोसायटींतहि आले. अंगणांत एका परातींत आग पेटवून त्यांनीं विझवण्याचें नळकांडें कसें वापरावें तें दाखविलें: खीळ ओढावी, तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे न धरतां बुडाकडे धरावें, आणि परतीची वाट आपल्या पाठीशीं ठेवावी. मुलांना मौज वाटली. नंतर त्यांतले एक वयस्क अधिकारी चहासाठीं आमच्या बिऱ्हाडीं, चौथ्या मजल्यावर आले. खिडक्यांचे भक्कम लोखंडी गज त्यांनीं न्याहाळले आणि शांतपणें विचारलें, “जिना धुरानें भरला, तर आजींना कोठून काढाल?”

घरांत आम्ही तीन पिढ्यांचीं नऊ माणसें. पण उत्तर कोणाजवळच नव्हतें. ते गेल्यावर वाद मात्र रंगला. आप्पांचें म्हणणें, गजांना दार ठेवणें म्हणजे चोराला आमंत्रण. दादाचें म्हणणें, आंतून उघडणारें दार असावें आणि किल्ली जवळच, सर्वांना ठाऊक अशा जागीं टांगावी. निकाल अखेर आजींनींच दिला: “चोर आला तर भांडीं नेईल, धूर आला तर नातवंडें नेईल.” त्यापुढें आप्पाहि बोलले नाहींत. दुसऱ्याच आठवड्यांत लोहार आला.

त्या चहाच्या वेळीं वहिनींनीं विचारून घेतलेल्या गोष्टी सर्वच गृहिणींच्या उपयोगाच्या आहेत. कढईंतलें तेल पेटलें, तर त्यावर पाणी कदापि ओतूं नये. पाणी जड असल्यानें तळाशीं जातें, तेथें क्षणांत त्याची वाफ होते आणि ती पेटतें तेल चहूंकडे उडविते. शक्य असल्यास गॅस बंद करून कढईवर घट्ट झांकण ठेवावें. हवा तुटली कीं ज्वाळा मरते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असून जमिनीलगत सांचतो. मूळच्या गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. असा वास येतांच समई, निरांजन शांत करावें, रेग्युलेटर बंद करावा, दारेंखिडक्या उघडाव्या. विजेचें कोणतेंहि बटन लावूं नये आणि बंदहि करूं नये, कारण दोन्ही वेळां ठिणगी पडूं शकते. मग बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें. पदर पेटल्यास धांवूं नये, जमिनीवर लोळावें. भाजल्या जागीं दंतमंजन, शाई, बर्फ यांपैकीं कांहीं न लावतां वीस मिनिटें साधें वाहतें पाणी सोडावें.

कायद्यानेंहि बराच भार आपल्यावरच ठेवला आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अधिनियमानुसार, ज्या इमारतींत अग्निसुरक्षेची व्यवस्था आवश्यक ठरते, तेथें ती सुस्थितींत राखणें ही मालकाची किंवा रहिवाशांची जबाबदारी असून, तसा दाखला जानेवारी आणि जुलै असा वर्षांतून दोनदां द्यावा लागतो. पण दाखला फाईलींत आणि जिन्यावर जुनीं कपाटें, सायकली, चपलांचे ढीग, असें असेल तर त्या कागदाचा काय उपयोग?

‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ ही म्हण आपण इतरांना हंसण्यासाठीं वापरतों. परंतु १०१ क्रमांक फिरवतांच निघालेला बंब पुष्कळदां सोसायटीच्या फाटकाशींच, आपण वाटेंत लावलेल्या मोटारींपाशीं खोळंबतो. पतंगाच्या मांजांत अडकलेलें पांखरूं सोडवायला, बंद पडलेल्या लिफ्टमधून म्हाताऱ्याकोताऱ्यांना काढायला, पावसांत कोसळलेलें झाड हटवायला हेच लोक येतात. ते आपल्यासाठीं आगींत शिरावयास तयार असतात. त्यांची वाट मोकळी ठेवणें एवढें तरी आपल्या हातीं आहे. आज दिवेलागणीला समई लावाल, तेव्हां घरांतल्या सर्वांना जवळ बसवून एकच प्रश्न विचारा: रात्रीं धूर झाला, तर कोणी कोणाला घेऊन कोणत्या वाटेनें बाहेर पडावयाचें? उत्तर ठरेपर्यंत पानें वाढूं नका.