शिदोरीतल्या दोन पुरचुंड्या

शेतकऱ्याच्या घरात साखरेचा आजार आला की खरी ओढाताण दोन वेळच्या जेवणावरून होत नाही, मधल्या वेळच्या खाण्यावरून होते. भाकरी-भाजी कशीबशी मापात बसते. पण दुपारी चारच्या सुमाराला पोटात जी आग पडते, तिला काय द्यायचे? आमच्या देगलूरकडे त्या वेळेला हाताशी काय असते, हे सर्वांना ठाऊक आहे. गोड चहा, त्यात बुडवायला टोस्ट नाहीतर खारी, बाजारातून आणलेला बिस्किटपुडा, मुरमुऱ्यांचा सुशीला, पाहुणा आला तर भजी. साखरेच्या माणसाने रोज खावे असे यात काहीच नाही.

आमच्या मालकांना हा आजार निघाला त्याला आता सहा वर्षे झाली. अंगकाठी शिडशिडीत, पहाटेपासून शेतात राबणारा माणूस. "हा बसून खाणाऱ्यांचा रोग. मला कसा होईल?" असे ते डॉक्टरांना म्हणाले होते. पण भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, असा त्यात अंदाज आहे. शहरात शंभर प्रौढांमागे सोळा, तर खेड्यात शंभरामागे जवळजवळ नऊ. म्हणजे आपल्या गावच्या पारावर वीस-पंचवीस माणसे बसली असतील, तर त्यांतल्या दोघांना तो असू शकतो. पुष्कळांना तो असल्याचे ठाऊकही नसते.

थोरला मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. मागच्या दिवाळीला येताना त्याने वडिलांसाठी एक खोका आणला. चकचकीत कागदातल्या, चिक्कीसारख्या लांबट वड्या. वरती ठळक अक्षरांत लिहिलेले, साखरमुक्त. एका वडीला पन्नास रुपये! मालक खूश झाले. सहा वर्षांनी कुणीतरी गोड खायला दिले होते.

धाकटी लेक कॉलेजला जाते. तिने एक वडी हातात घेऊन उलटी केली आणि म्हणाली, "माय, समोरचं सोड, मागचं बघ." मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक तक्ता असतो. त्यात शंभर ग्रॅम मालात काय काय आहे ते लिहावे लागते, असा सरकारचा नियम आहे. तिने वाचून दाखवले. साखर जवळजवळ शून्य, पण एकूण कर्बोदके ४८ ग्रॅम. वडी ४० ग्रॅमची. म्हणजे एका वडीत १९ ग्रॅम कर्बोदके.

कर्बोदके म्हणजे पिठूळ आणि गोड पदार्थांतला तो भाग, ज्याची पोटात गेल्यावर साखर होते. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी घेतली, तर तिच्यात सुमारे चाळीस ग्रॅम कर्बोदके असतात. तेव्हा ती पन्नास रुपयांची वडी म्हणजे साधारण अर्धी भाकरीच झाली. भाकरीचा हिशोब आपण ठेवतो. वडीचा कोण ठेवणार?

तेव्हा पहिली गोष्ट ही, की 'साखरमुक्त' हा शब्द फक्त साखरेपुरता असतो. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे शंभर ग्रॅम घट्ट पदार्थात अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर नसेल, तर तसे लिहिता येते. पिठाबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. मैद्याचे बिस्किट साखरमुक्त असू शकते आणि तरीही रक्तातली साखर वाढवू शकते.

दुसरी गोष्ट घटकांच्या यादीची. जो जिन्नस वजनाने सर्वांत जास्त, त्याचे नाव यादीत सर्वांत आधी येते. पहिल्या तीन नावांत शेंगदाणे, बदाम, तीळ, डाळ असे काही असेल तर बरे. त्या जागी खजूर, मध, गूळ, ग्लुकोज सिरप, मॉल्टोडेक्सट्रिन अशी नावे असतील, तर पुडा परत ठेवावा. मॉल्टोडेक्सट्रिन हे पिष्टापासून बनवतात. ते साखरेच्या रकान्यात फारसे दिसत नाही, पण अंगात साखरेसारखेच चढते. मॉल्टिटॉल नावाची एक गोडी असते. ती साखरेपेक्षा कमी चढते, पण जास्त खाल्ली तर पोट बिघडते. तंतूंचा आकडा दिलेला असेल, तर तो जेवढा मोठा तेवढे चांगले.

यात एक मेख आहे, ती चिक्की करणाऱ्या बाईला लगेच कळेल. वडी बांधायची तर चिकट पाक लागतो. तीळ आणि शेंगदाणे आपोआप एकमेकांना धरून राहत नाहीत. म्हणून दुकानातली वडी असो की घरची, तिला धरून ठेवणारे जे असते, ते बहुधा आपल्या आजाराला नको असलेलेच असते. गुळाने चालते, असे पुष्कळ जण म्हणतात. आमच्या सासूबाईही म्हणत. पण उसाच्या गुळात शंभरातले पंच्याऐंशी ग्रॅम कर्बोदकेच असतात. गूळ हा साखरेचा सख्खा भाऊ. रंग सावळा आहे, एवढाच फरक.

म्हणून आम्ही वडीचा हट्टच सोडला. बांधायची नाही तर पाक कशाला? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली आपल्या धान्यांचे तक्ते काढले आहेत. त्यांत शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने, ४० ग्रॅम तेल आणि १७ ग्रॅम कर्बोदके दिली आहेत. तंतू निराळे, १० ग्रॅम. मूठभर म्हणजे तीस ग्रॅम दाणे खाल्ले, तर पाचच ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. तेवढ्याच फुटाण्यांत त्याच्या दुपटीहून जास्त असतात, पण हरभऱ्यात तंतू भरपूर असल्याने त्याची साखर सावकाश चढते. तीळ आणि जवस तर या कामाला फारच चांगले. हे सगळे आपल्याच रानात पिकते आणि आपण ते विकून बिस्किटपुडा विकत आणतो.

माझे प्रमाण असे आहे. चार वाट्या भाजलेले शेंगदाणे, एक वाटी भाजलेले तीळ, एक वाटी भाजलेला जवस, दोन वाट्या फुटाणे, चवीला जिरे आणि थोडे तिखट. मीठ नावापुरतेच, कारण साखरेबरोबर रक्तदाबही पुष्कळांना असतो. हे घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवते आणि रोज एक मूठ मोजून देते. डबा पुढ्यात ठेवला, तर मुठीच्या चार मुठी होतात आणि तेलाने वजन वाढते. कुबट वासाचा, काळा पडलेला किंवा बुरशी लागलेला दाणा मात्र निवडून टाकावा. त्यातले विष भाजूनही जात नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारूनच खावे.

मालकांना पटावे म्हणून घरच्या यंत्रावर तपासून पाहिले. वडी खाण्याआधी साखर १३८, दोन तासांनी १८१. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मूठभर मिश्रण खाल्ले, तेव्हा आधी १३५, नंतर १४२. प्रत्येकाच्या अंगात आकडे निराळे येतील, पण तपासायची रीत हीच.

आता सर्वांत महत्त्वाचे. मालकांना ग्लिमेपिराईडची गोळी आहे. ही गोळी अंगातले इन्सुलिन वाढवते, त्यामुळे जेवण लांबले आणि काम जास्त झाले की साखर एकदम उतरू शकते. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांचेही तसेच. गेल्या वर्षी सोयाबीन काढणीच्या वेळी दुपारची भाकरी उशिरा पोचली आणि त्यांना बांधावरच दरदरून घाम सुटला. हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. खिशात शेंगदाणे होते, ते त्यांनी चावून खाल्ले. दहा मिनिटे झाली तरी थरथर थांबेना. शेजारच्या वावरातल्या अक्कांनी चहाच्या डब्यातली साखर पाण्यात कालवून पाजली, तेव्हा हळूहळू हुशारी आली.

डॉक्टरांनी नंतर कारण सांगितले. दाण्यांत साखर होण्याजोगे फार थोडे असते आणि त्यांचे तेल पोटातले अन्न सावकाश पुढे सरकवते. एरवी हाच त्यांचा गुण. पण साखर ७० च्या खाली गेली की हाच गुण घात करतो. अशा वेळी कमी कर्बोदकांची कोणतीही वडी, ती कितीही महाग असो, उपयोगाची नाही. तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी आणि सावरल्यावर भाकरी खावी. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. गाडी करून लगेच दवाखाना गाठावा. असे एकदा जरी झाले, तरी गोळीचे माप डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

तेव्हापासून आमच्या शिदोरीत भाकरीबरोबर दोन पुरचुंड्या असतात. लाल फडक्यात भुकेसाठी दाणे, पांढऱ्या फडक्यात उतारासाठी साखर. सालगड्यालाही दोन्हींचा फरक सांगून ठेवला आहे, कारण साखर उतरलेल्या माणसाला स्वतःला काही सुचत नाही.

बायांनो, वेळा अमावास्येला सगळे नातेवाईक शेतात जमतात. आंबील, भज्जी, खीर होते. त्या दिवशी तीस वर्षांपुढच्या माणसांना विचारा, साखर तपासली का? प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते. बोटाच्या एका टोचणीचे काम आहे. आणि ज्याच्या घरी गोळी चालू आहे, त्या घरच्या बाईने उद्या सकाळी शिदोरी बांधताना पांढरे फडके विसरू नये.