पालगडची वाट

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील पालगड हे गाव किल्ल्यासाठी ओळखले जावे असे त्याचे स्थान आहे, कारण त्याच नावाचा डोंगरी किल्ला गावाच्या माथ्यावर उभा आहे. तथापि मराठी वाचक त्या गावाकडे वळतो तो किल्ल्यासाठी नव्हे, तर एका गृहिणीच्या घरासाठी. ही गृहिणी म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात साने गुरुजी (१८९९–१९५०), यांची आई यशोदाबाई, जिला माहेरी 'बयो' म्हणत.

मुंबईहून रस्त्याने निघालेल्या प्रवाशाला माणगाव तालुक्यात, महामार्गापासून थोड्या आडवाटेवर, वडघर येथील साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक लागते. तेथे तरुणांची शिबिरे भरतात, आणि गुरुजींच्या सार्वजनिक आयुष्याचा वारसा सांगणारी ती जागा आहे. घराचा वास मात्र तेथे शोधू नये. याच तालुक्यातले गोरेगाव सोडून आंबेतला सावित्रीच्या खाडीवरचा पूल ओलांडला, की पलीकडचे म्हाप्रळ रत्नागिरी जिल्ह्यात येते, आणि मंडणगडाकडे चढत जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जांभा दिसू लागतो. जांभा म्हणजे कोकणातील तांबडा, सच्छिद्र दगड, जो खाणीतून चिऱ्यांच्या रूपाने कापून काढतात आणि ज्याच्या भिंती ऐपतदार घरांना लाभत. ही ऐपतीची खूण ध्यानात ठेवावी, कारण पालगडच्या ज्या घरासाठी हा प्रवास आहे, ते चिऱ्यांचे नव्हते.

साने घराणे मूळचे खोतांचे. खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार. ही पद्धत पुढे १९४९ च्या कायद्याने रद्द झाली. गुरुजींच्या बालपणीच घराला उतरती कळा लागली होती, आणि भाऊबंदकी व कर्ज यांनी ती अधिक वेगाने उतरवली. 'श्यामची आई' (१९३५) हे गुरुजींचे पुस्तक रडवते म्हणून वाखाणले जाते आणि त्याच कारणासाठी काहींकडून नाके मुरडून बाजूलाही ठेवले जाते. परंतु त्यात एका ढासळणाऱ्या खोती घराचा जो बारीक हिशोब आहे, त्याच्याकडे दोन्ही प्रकारच्या वाचकांचे दुर्लक्ष होते. अर्थात ते पुस्तक म्हणजे चरित्र नव्हे, आणि त्यातला निवेदक श्याम व प्रत्यक्षातला पांडुरंग यांची सरमिसळ जपून करावी लागते. तरी पालगडात पाऊल टाकल्यावर ती टाळता येत नाही, हेही खरे.

गावात गुरुजींचे घर स्मारक म्हणून जपलेले आहे, आणि तेथे उभे राहिल्यावर पुस्तकातील नव्या घराचे प्रकरण आठवते. एकत्र कुटुंबातून बाहेर पडावे लागल्यावर हे कुटुंब काही काळ त्याच गावातील आईच्या माहेरी राहिले, परंतु आश्रिताचे जिणे तिला सोसेना, आणि हातांतल्या पाटल्या विकून का होईना पण स्वतःचे छप्पर हवे, असा आग्रह तिनेच धरला. त्यातून उभे राहिले ते मापांच्या भिंतींचे, गवताने शाकारलेले झोपडीवजा घर. मापे म्हणजे साच्यात घालून पाडलेल्या मातीच्या मोठ्या कच्च्या विटा, ज्या भट्टीत भाजत नाहीत, उन्हात वाळवतात. शाकारणे म्हणजे छपरावर गवत अंथरून ते बांधणे. कोकणच्या पावसात अशा घराची दरवर्षी किती निगा करावी लागत असेल, याची कल्पना तेथील आषाढ पाहिलेल्यालाच यावी.

या घरात माणसांना वाव होता, आणि तो श्रीमंतीतून आलेला नव्हता. द्वारकाकाकू नावाची एक वृद्धा त्यांच्यात राहत असे, जिला मुले 'दूर्वांची आजी' म्हणत. मथुरी ही कांडपीण, म्हणजे भात कांडून देणारी मोलकरीण, आजारी पडली तेव्हा तिची विचारपूस याच घरातून झाली. जेवणासाठी पाने जोडून पत्रावळ लावणे, म्हणजे चोयीच्या बारीक काड्यांनी पाने टाचून पात्र तयार करणे, हे काम मुलग्यांनाही यावे लागे. पंगतीचे श्रम एकट्या बाईच्या माथी नसावेत, एवढा व्यवहार त्यात होता. आतिथ्याच्या वर्णनात ताटे दिसतात आणि ती वाढणारीच्या पाठीचे दुखणे दिसत नाही. यशोदाबाईंच्या बाबतीत मात्र मुलानेच त्या कष्टांची नोंद ठेवली. भाजीत मीठ घालायचे राहून गेले असता घरच्यांनी ती मुकाट्याने खाल्ली, आणि आईला ते स्वतः जेवायला बसल्यावर कळले, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. तिच्यात कौतुक केवळ आईचे नाही.

घराच्या उदारतेला त्या काळाची कुंपणेही होती. सरपणाची मोळी पडलेल्या अस्पृश्य म्हातारीला हात दे, असे आई मुलाला सांगते, आणि नंतर घरी येऊन स्नान कर, असेही सांगते. या वाक्यातला पहिला भाग मुलाने आयुष्यभर धरला आणि दुसरा सोडला: पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी १ मे १९४७ रोजी आरंभलेले उपोषण मंदिर खुले होण्याचा निर्णय झाल्यावरच सुटले. आईच्या शिकवणुकीपुढे जाणारा हा टप्पा पालगडच्या ओटीवरून पाहिला, तर तो तिच्याशी फारकत घेणारा वाटत नाही.

पालगडहून दापोलीकडे जाणारा रस्ता आता बसने लवकर संपतो. शाळकरी पांडुरंग दापोलीच्या इंग्रजी शाळेतून घरी यायला तो पायी तुडवीत असे. पुढे शिक्षणासाठी तो औंध आणि पुणे असा दूर गेला, आणि १९१७ मध्ये आई वारली तेव्हा तो घरी नव्हता. सोळा वर्षांनी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत, ९ ते १३ तारखांना, त्याने हे घर कागदावर उतरवले. पुस्तकातील प्रकरणांना 'रात्र' म्हणतात, आणि अशा रात्री बेचाळीस आहेत.

दापोलीवरून पुढे उतरले की हर्णै लागते. त्या काळी या बंदरात आगबोटी धक्क्याला लागत नसत, म्हणून मुंबईहून आलेले उतारू खोल पाण्यात पडावांत, म्हणजे लहान होड्यांत, उतरवून किनाऱ्याला आणले जात, आणि तेथून बैलगाडीने गावाकडे निघत. आता आगबोटी नाहीत. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आहे, आणि संध्याकाळी वाळूत मासळीचा लिलाव पुकारला जातो.