घासलेला रुपया

नाण्यांच्या बाजारात चर्चा होते ती बनावट मालाची. रामदरबार आणि १८१८ साल असलेली ‘ईस्ट इंडिया कंपनीची’ नाणी रस्तोरस्ती मिळतात. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत, हे थोडं वाचन असलं की कळतं. मला जास्त राग येतो तो अस्सल नाणं खराब करून विकण्याचा.

पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया मला संग्रहासाठी हवा होता. त्यावर राजाच्या झग्यावर एक छोटा हत्ती आहे. त्याची सोंड आखूड उठली आणि लोकांना तो डुकरासारखा दिसला. मुसलमान समाजात विशेष नाराजी पसरली, नाणी परत मागवून वितळवली गेली आणि १९१२ पासून सोंड सुधारलेला ठसा आला. त्यामुळे १९११ चा रुपया घेणारा खरं तर तो हत्तीच विकत घेत असतो.

पुण्यातल्या एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने तो माझ्यापुढे ठेवला. “ताई, चकाकी बघा! टांकसाळीतून आत्ता निघाल्यासारखा आहे.” चकाकी होती, पण टांकसाळीतली नव्हती. न वापरलेला चांदीचा रुपया दिव्याखाली हलवला की उजेडाचा पट्टा त्यावर गोल फिरतो. ठशाच्या दाबाने धातू कडेकडे सरकतो, त्याच्या बारीक रेषांचा तो खेळ असतो. इथे मात्र घासलेल्या भांड्यावर पडावा तसा उजेड सगळीकडे सारखा पडला होता. भिंगातून पाहिलं तर केसाएवढे ओरखडे, सगळे एकाच दिशेने, अक्षरांवरून थेट राजाच्या गालापर्यंत गेलेले. वजन ११.६ ग्रॅम, म्हणजे ठरल्या ११.६६ ग्रॅमच्या जवळ. नाणं खरंच होतं. पण पावडर लावून कुणीतरी ते इतकं घासलं होतं की हत्तीची सोंड पुसट झाली होती. ज्या खुणेसाठी हा रुपया लोक जपतात, तीच गेली होती.

मी ओरखडे दाखवले. “गिऱ्हाईकाला काळं नाणं नको असतं हो,” विक्रेता म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. चांदीवर वर्षानुवर्षं काळपट-निळसर छटा चढते, आणि आपल्याकडे तिलाच मळ समजतात. किंमत मात्र त्याने न घासलेल्या नाण्याची लावली होती. मी रुपया परत ठेवला.

नव्या नाण्यांचीही तक्रार आहे. एका टांकसाळीचा स्मारक नाण्यांचा प्रूफ संच मी मागवला होता. शंभर रुपयांचं नाणं निम्मं चांदीचं, ४० टक्के तांब्याचं, उरलेलं निकेल आणि जस्त. इतकं तांबं असलं की पृष्ठभाग लवकर डागाळतो. सीलबंद डबीतल्या त्या नाण्यावर, आरशासारख्या भागावर, अंगठ्याचा ठसा स्पष्ट होता. बोटाचा घाम आणि तेल धातूत उतरलं की तो डाग पुढे निघत नाही. फोटोंसह तक्रार केली. उत्तर आलं, मोठ्या उत्पादनात किरकोळ खुणा राहतातच.

साध्या नाण्यांच्या बाबतीत मला हे मान्य आहे. ती पिशव्यांत एकमेकांवर आपटतात, ओरखडे येणारच. प्रूफ नाण्याची गोष्ट निराळी. त्याची चकती चकचकीत केलेली असते, ठसा पॉलिश केलेला असतो, एकाच नाण्यावर एकाहून अधिक वेळा दाब दिला जातो. जास्तीचे पैसे त्या निर्मळ पृष्ठभागाचेच असतात. हातमोजे न घालता तो हाताळला असेल तर त्या डागाला किरकोळ खूण म्हणणं मला पटत नाही. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर नाणं बदलून मिळालं. डबी उघडतानाचं चित्रीकरण माझ्याकडे होतं म्हणूनच हे झालं, असं मला वाटतं.

साफ केलेलं नाणं विकायला माझी हरकत नाही. कमी पैशांत अभ्यासासाठी तेही चालतं. पण विक्रेत्यांनी ‘साफ केलेलं’ हे दोन शब्द पावतीवर लिहावेत. घेणाऱ्यांनी ते लिहून मागावेत, परतीची मुदत त्याच पावतीवर नोंदवून घ्यावी, आणि जो विक्रेता नाणं दिव्याखाली धरून बघू देत नाही त्याच्याकडून काहीही घेऊ नये.