खेळातला शब्द, घरातला अर्थ

आमच्या पोलादपूरच्या घरात भाषांची टंचाई कधीच नव्हती. चुलीपाशी कोकणी, मदरशात उर्दू, शाळेत आणि बाजारात मराठी. आता मोबाइलमधून इंग्रजीही येऊ लागली आहे आणि ती आणतो आमचा सहावीतला मुलगा. आम्ही दोघे नवरा-बायको किराणा दुकान चालवतो. ईदच्या आधी माल आला आणि गोण्या रचायला जागा उरली नाही, तेव्हा चिरंजीव म्हणाले, "अब्बा, तुमची इन्व्हेंटरी फुल झाली!"

हा शब्द त्याला कोणी पाठ करायला दिला नव्हता. 'माइनक्राफ्ट' या खेळात लाकूड, दगड, कोळसा गोळा करत जावे लागते. ठेवायची जागा भरली की नवी वस्तू उचलता येत नाही. शब्द कळला नाही तर खेळ अडतो, म्हणून तो कळतोच. वहीत दहा वेळा लिहिलेला शब्द परीक्षेनंतर उडून जातो. हा टिकतो, कारण रोज त्याच्याशी काम पडते.

पण टिकलेला शब्द पुरता उमगलेला असतोच असे नाही. म्हणून आम्ही एक रीत पाडली. रात्री दस्तरखानावर त्याने खेळातला एक शब्द सांगायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याचा अर्थ शोधायचा.

पहिला आला 'लूट'. 'बीजीएमआय' खेळणाऱ्या मुलांना तो इंग्रजी वाटतो. खरे तर तो इथलाच. कंपनी सरकारच्या काळात इंग्रजांनी उचलून नेला. मग आला 'मॅगझिन', बंदुकीत गोळ्या भरायचा. त्याचे मूळ अरबी 'मख्जन', म्हणजे कोठार. आपला 'खजिना'ही त्याच मुळाचा. इंग्रजीत मासिकालाही मॅगझिनच म्हणतात, हे ऐकताच दादीने मासिकाचा अंक पुढे सरकवला. "मॅगझिन हवं ना? मग हे घे."

'बेसॉल्ट' खेळात नुसता एक ठोकळा आहे. आमच्या घराचे जोते त्याच काळ्या दगडाचे, आंबेनळी घाटाचे कडेही त्याचेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा दगड तयार झाला, हे सांगितल्यावर पोरगा उठला आणि बाहेर जाऊन जोत्यावर हात फिरवून आला.

एका शब्दापाशी मात्र सगळे थबकले. 'रिव्हाइव्ह'. जखमी होऊन पडलेल्या साथीदाराला खेळात काही सेकंदांत उभे करता येते. मुलाने अर्थ सांगितला, "परत जिवंत करणे." २२ जुलै २०२१ रोजी आमच्याच डोंगरांच्या दरडी कोसळल्या. महाड तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसे गाडली गेली. मुलगा तेव्हा लहान होता. दादी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाळा, ते बटण अल्लाहच्याच हातात."

त्या शब्दाचा दुसरा अर्थ, शुद्धीवर आणणे, सावरणे, हा माणसाच्या हातातला आहे, हेही आम्ही त्याला सांगितले. ढिगारे उपसणाऱ्यांनी, वाचलेल्यांना अन्न आणि अंथरूण-पांघरूण पोहोचवणाऱ्यांनी तेच केले होते. त्या रात्री त्याने आणखी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तळिये कुठे आहे, हे त्याने दुकानात येऊन विचारले.

मोबाइल द्यावा की नाही आणि किती वेळ, हे प्रत्येक घर आपापले ठरवील. आमच्याकडे अर्धा तास आहे. पण दिलाच, तर जेवताना एक शब्द जरूर विचारा. शब्द खेळ देईल, त्याचे वजन घरातल्या माणसांनीच सांगायला हवे.

उद्यासाठी त्याने 'सर्व्हायव्हल' राखून ठेवला आहे. बघू, दादी काय म्हणते.