कोऱ्या घराचा अंमल

पडद्यावर जें दिसतें त्यापेक्षां जें दिसत नाहीं त्याचीच सत्ता अधिक, हें आम्हांला संगणकाच्या जुन्या अक्षरी पडद्यांनीं शिकविलें. आयबीएम कंपनीचा ३२७० हा पडदा १९७१ सालीं निघाला. त्याच्या प्रचलित नमुन्यांत २४ ओळी व दर ओळींत ८० घरें, मिळून १९२० घरें असत. ८० हा आंकडा १९२८ सालच्या भोकांच्या कार्डाकडून वारशानें आलेला.

या पडद्यावर प्रत्येक रकान्याच्या आरंभीं एक घर कोरें दिसे. पण त्यांतच लक्षणाची खूण दडलेली असे. पुढील अक्षरें साधीं दिसावींत, ठळक दिसावींत, कीं मुळींच दिसूं नयेत. तेथें लिहिण्याची मुभा असावी कीं नसावी. हें सारें तें एक घर ठरवी. त्याचा अंमल पुढची खूण भेटेपर्यंत चाले. शेवटच्या घरापर्यंत ती भेटली नाहीं, तर तो वर वळून पहिल्या ओळींत शिरे. निषिद्ध घरांत कोणी अक्षर उमटवूं गेलें कीं कळफलक अडून बसे.

ही शिस्त आम्हांला आवडे. तींत शहाणपणही होतें. कारकुनानें सारा नमुना भरून एंटरची कळ दाबली, कीं बदललेले रकाने तेवढेच एकदम मुख्य यंत्राकडे जात. दर अक्षरागणिक त्याला त्रास नसे.

परंतु आम्ही ज्या एका कचेरींत होतों, तेथें नांवाच्या रकान्याला २० घरें होतीं. आपल्याकडे नांवाचीं पदें तीन. 'लक्ष्मीबाई त्र्यंबकराव' एवढें रोमन लिपींत मांडलें, तरी मधल्या अंतरासह १९ घरें संपतात. विसावें पुढल्या अंतराला जातें, आणि आडनांव उंबऱ्याबाहेर राहतें. समोर बसलेली बाई आपलें पुरें नांव सांगे. आम्ही तें ऐकत असूं, पण लिहूं शकत नसूं. पुढें तें तुटकें नांवच दप्तरीं खरें ठरे, आणि पुऱ्या नांवाची बाई आपली ओळख पटवीत दारोदार हिंडे. तो रकाना आंखणाऱ्यानें तिला कधीं पाहिलेंच नव्हतें!

आतां रकाने लांबले आहेत, पडदे रंगीत झाले आहेत. आंखणारा मात्र अद्याप दृष्टीआडच आहे. म्हणून कोरें घर दिसलें, कीं तें खरोखर रिकामें आहे, कीं कोणाचा हुकूम त्यांत ठाण मांडून बसला आहे, हें आम्ही अजूनही निरखून पाहतों.