करवंटीतला बाप

ज्यांच्या घरी काचेची टाकी आहे त्यांना सकर ठाऊक असतो. काचेला तोंड चिकटवून शेवाळ खरवडणारा, दिवसभर लाकडाआड पडून राहणारा काळपट मासा. गप्पी, एंजल यांच्या झगमगाटात त्याच्याकडे कुणी पाहत नाही. दुकानदारही ‘सफाईला एक असू द्या’ म्हणून तो पिशवीत टाकतो. याच कुळातला, पण आकारानं लहान असा ब्रिसलनोज माझ्या टाकीत आहे, आणि मला विचाराल तर त्या टाकीत तासभर बघत बसावं असा तोच एक.

मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांचा. पुरा वाढला तरी वीतभर भरत नाही. नराच्या थोबाडावर फाटे फुटलेल्या मांसल कोंबांचं रान माजतं. मादीला ओठाच्या कडेला असले तर चार बारीक कोंब. विणीचे दिवस आले की नर बीळ धरून बसतो. नदीत ती ओंडक्यातली पोकळी असते, टाकीत करवंटी किंवा पाइपचा तुकडाही चालतो. मादी आत येते, नारिंगी अंड्यांचा घोस चिकटवते आणि निघून जाते. पुढचं सगळं नराकडे. तो अंड्यांवर पर हलवत राहतो, पाणी खेळतं ठेवतो. पांढरी पडलेली अंडी तोंडानं काढून टाकतो. कुणी डोकावलं तर गालांवरचे काटे उभारतो. एरवी काकडीच्या चकतीवर तुटून पडणारा हा प्राणी त्या दिवसांत तिच्याकडे बघतसुद्धा नाही. पाच-सहा दिवसांत अंडी फुटून पिल्लं निघतात, पोटाला पिवळ्या बलकाची गाठोडी घेऊन करवंटीला चिकटून राहतात. बलक संपून ती बाहेर पडेपर्यंत बाप दारातून हलत नाही. नवखा नर मात्र कधीकधी सगळा घोसच बाहेर ढकलून देतो. तेही होतं.

आमच्या आईनं हे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “आणि यांची आई कुठे उलथली?” मग थोडं थांबून, “असा बाप असावा गं बाई.”

मला या वाक्याचा मोह पडतो आणि भीतीही वाटते. कारण त्याच टाकीच्या तळाशी कोरी नावाचे मासे फिरत असतात. ब्रिसलनोजसारखे तेही कॅटफिशच. टाकीतलं पाणी बदलून थंड पाणी घातलं की त्यांना पाऊस आल्यासारखं वाटतं आणि वीण सुरू होते. मादी नराच्या पोटाशी तोंड लावते. त्याचं वीर्य ती चक्क गिळते, ते आतड्यातून झपाट्यानं पुढे सरकतं आणि पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांवर पडतं. जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये हे दाखवून दिलं. एवढी विलक्षण खटपट, आणि नंतर? अंडी काचेवर चिकटवून दोघं निघून जातात, भूक लागली तर स्वतःचीच अंडी खातात. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला ठिपकेवाला कॅटफिश तर कोकिळेच्या वरताण आहे. तोंडात अंडी वाढवणाऱ्या सिक्लिड माशाच्या विणीत तो घुसतो, आपली अंडी मिसळून देतो. सिक्लिडची आई ती सगळी तोंडात घेते. कॅटफिशची पिल्लं आधी निघतात आणि तिच्याच तोंडात बसून तिची अंडी-पिल्लं फस्त करतात.

कॅटफिशांच्या एकाच गोतात इतके संसार असतील तर बापाची माया हा गुण म्हणावा की पोट भरण्यासारखाच एक मार्ग? ब्रिसलनोजच्या थोबाडावरच्या त्या कोंबांबद्दल साबाज, आर्मब्रस्टर आणि पेज या संशोधकांनी १९९९ मध्ये तर्क मांडला, तो मला फार आवडतो. बिळात आधीच अंडी-पिल्लं असलेला नर माद्यांना पसंत पडत असावा. आणि नराच्या तोंडावरचे कोंब पिल्लांसारखे दिसतात. म्हणजे आपण ज्याला मर्दानी मिशा समजत होतो ती बापपणाची जाहिरात निघाली! पोरं नसतानाही पोरवडा असल्याचा देखावा.

तरी जाहिरातीमागचा खर्च खरा आहे, आणि तो कळायला ॲमेझॉनला जायला नको. आपला शिंगाळा, मालवणकडची शेंगटी, समुद्रातला कॅटफिश. त्याची मादी थोडीच अंडी घालते, पण एकेक अंडं खेळायच्या गोटीएवढं. नर ती तोंडात घेतो आणि पिल्लं सुटी होईपर्यंत काही आठवडे जवळपास उपाशी राहतो. सुरमई लाखोंनी अंडी सोडून मोकळी होते. शिंगाळा मोजकी अंडी जिवापाड जपतो. हजारो वर्षं हा डाव त्याच्या बाजूनं पडला. मग थवेच घेरणारी पर्ससीन जाळी आली. १९८०च्या दशकात मंगळूरच्या बाजूला तोंडं अंडी-पिल्लांनी भरलेल्या नरांचे थवेच्या थवे त्या जाळ्यांत सापडले. मासा ओढला गेला की तोंडातलं सांडतं. एका फेरीत बापही गेले आणि पुढची पिढीही. त्या किनाऱ्यावरची शिंगाळ्याची मासेमारी त्यानंतर कोसळली. लाखो अंडी उधळणाऱ्या माशाला जे परवडतं ते यांना परवडत नाही.

आणि हीच माया चुकीच्या पाण्यात पडली की काय होतं? दुकानातला साधा सकर दीड फुटापर्यंत वाढतो. टाकी पुरेनाशी झाली की लोक तो तळ्यात, नदीत सोडून देतात, वर पुण्य केल्याच्या समाधानात घरी येतात. त्याचा नरही चांगला बाप. काठाच्या मातीत खोल बीळ खणतो, अंडी राखतो, पिल्लं जगवतो. म्हणूनच फ्लोरिडात काठ ढासळले, मेक्सिकोतल्या इन्फिएर्नियो जलाशयात तिलापियाची मासेमारी बसली. उजनीच्या भोयांच्या जाळ्यांतही आज तो येतो; काटेरी कवचानं जाळं फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

तेव्हा सकर नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्या, टाकी असलेल्या कुणाला द्या. भीमेत, मुळेत, गावच्या तळ्यात सोडू नका.